नमुना

ओल्नीत, फिफ्थ स्ट्रीटवर,
घड्याळं दुरुस्त करणाऱ्या ताकबाईंच्या दुकानात
जानेवारीतल्या एका मंगळवारी
मी रुमालातून काढून ठेवलं पन्नास ह्वानचं नाणं.
एका अंगाला कासवाच्या पाठीचं जहाज,
वर्ष ४२९२.
म्हणजे एकोणीसशे एकोणसाठ.
म्हणजे शके अठराशे एक्याऐंशी, माझ्या पत्रिकेतलंच.
आणि जहाजाशेजारी ठोकलेली
दोन कोरियन अक्षरं, मुंगीच्या डोक्याएवढी :
ग्योन. यांग.

नमुना.

आमच्या घरी हा शब्द माझ्यासाठी राखीव आहे.
"काय नमुना आहे," कालिंदी बहिणीला फोनवर सांगते,
"तीनशे चाळीस डॉलर मोजले. आणि बूट बघ."

नमुन्याचं नाणं खर्चायचं नसतं.
ते दाखवायचं : असं असेल आमचं चलन, तोंडओळख ठेवा.
ते कुणाच्या चहाचे पैसे देत नाही,
कुणाच्या कनवटीला लागत नाही.
म्हणून महाग.

सवयीनं मी ते काउंटरवर वाजवायला गेलो.
बार्शीला मामा प्रत्येक रुपया फरशीवर आपटून घेत.
खणखणला की गल्ल्यात. बद्द वाजला की
उंबऱ्यावर खिळ्यानं ठोकून टाकत,
गिऱ्हाइकांच्या पायाखाली, जन्माची शिक्षा.
ताकबाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली.
"कडेनं धर. कडेनं! लहान आहेस का?"

मग डोळ्याला भिंग. मग दिवा तिरका.
मग बराच वेळ नुसती घड्याळं.
वजन केलं : पावणेचार ग्रॅमला जरा कमी, हवं तेवढंच.
कड पाहिली. दिवा फिरवला. पुन्हा फिरवला.
"ये इकडे. हा ओरखडा बघ."

भिंगाखाली जहाज टेकडीएवढं झालं होतं.
टेकडीवरून एक बारीक पायवाट निघाली,
अक्षराच्या काठाशी आली,
दरड कोसळावी तशी तुटली
आणि पलीकडे पुन्हा चालू लागली.
"अक्षर ओरखड्यावर बसलंय," त्या म्हणाल्या.
"आधी खिसे, किल्ल्या, बाजार. मग ठसा."

मी काही बोललो नाही.

"नाणं खरं आहे. ठसा खोटा."

खोट्याला खरं म्हणून खपवणारे मी पाहिलेत.
खऱ्याच्या अंगावर 'हे चालायचं नाही' असं गोंदवून
शंभरपट भावानं विकणारा पहिलाच,
ॲलनटाउनच्या प्रदर्शनात, खिडकीजवळचं टेबल,
त्यानं मला पावतीसुद्धा दिली होती.

इथून पाचेक मैलांवर, स्प्रिंग गार्डन स्ट्रीटला,
जुन्या टाकसाळीत पाडली ही ह्वानची नाणी. आता तिथे कॉलेज आहे.
जन्मात न पाहिलेल्या मुलखाचं चलन व्हायला
हे बोटीनं गेलं, झिजलं,
आणि माहेरी आलं ते असं.

"काय मिळायचं हो पन्नास ह्वानला?"
ताकबाई भिंग पुसत राहिल्या.
"आठवत नाही.
सहा वर्षांची असताना मी एक हरवलं होतं,
देगूत, ओढ्यावरच्या पुलाखाली.
दिवे लागेपर्यंत चिखल चाळला.
आई मारेल म्हणून घरी जाईना.
तिनं मारलं नाही."
भिंग खोक्यात गेलं. "मारायला हवं होतं."

तपासणीचे पैसे घेतले नाहीत.
माझ्या घड्याळाचा सेल मात्र बदलला, न विचारता,
त्याचे आठ डॉलर.

परतताना सत्तेचाळीस नंबरच्या बसमध्ये
कोटाच्या खिशात हात गेला
तेव्हा लक्षात आलं, रुमाल रिकामाच आहे.
नाणं खाली होतं, तळाशी,
घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात.
बस खड्ड्यातून गेली, किणकिण झाली.
राहू दिलं तिथेच.