स्वारगेट, सारसबाग, शनिपार

टेबलावर तीन माइक.
पहिला डी-एकशेचार. उंच मान, क्रोमचा झिलाईदार,
तोंड पोह्याच्या पापडाएवढं.
पोटात मिठाचा स्फटिक. खायचं मीठ नव्हे, पण मीठच ते,
दमट हवेत पाझरतं आणि माइक मुका होतो.
म्हणून दर जूनला त्याची कुपी काढून
मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतो.
एकदा ती कुकरपर्यंत पोचली होती.

दुसरा टर्नर. पोटात बॅटरी, आवाज वाढवायची सोय.
वाढवला की सगळंच वाढतं,
माझा दमा, पंखा,
खालच्या मजल्यावरच्या राजवाड्यांची मिक्सरमधली चटणी.

तिसऱ्याला नाव नाही.
जुन्या बाजारात एका बुधवारी सापडला,
बंद घड्याळं आणि एकेकट्या बुटांच्या मधे.
लोखंडी बूड. आवाज जाड, सायीचा.

कुठला बरा ते मी ठरवणार कसं?
आपला आवाज आपल्याला हाडांतून ऐकू येतो, ती साक्ष धरत नाहीत.
निकाल मिरजेहून यायचा,
सकाळी साडेसहाला, चाळीस मीटरवर:
नूरुद्दीन शिकलगार,
तंबोऱ्याची जवारी काढण्यात जन्म गेलेला माणूस.

पाण्याच्या टाकीपासून नारळापर्यंत ताणलेल्या तारेवरून
मी पाठवायचो,
स्वारगेट, सारसबाग, शनिपार, शिवाजीनगर.
तिन्ही माइकवर एकेकदा, कुठला ते न सांगता.
तो ओळखायचाच.
"हा तुमचा पापड. जवारी फार उघडलीय, ‘श’ कानात सुई घालतो.
हा बॅटरीवाला. वरातीतला क्लॅरिनेट. मोठा आहे, गोड नाही.
आणि हा बिननावाचा.
याच्यावरच बोलत जा, मास्तर. ओव्हर."

अकरा वर्षं बोललो.
डी-एकशेचार शोभेला राहिला,
पाहुण्यांची मुलं त्यात वाकडी तोंडं बघायची.

मग गेल्या माघात एका सकाळी,
"मास्तर, गोधडीतून बोलताय का?
तुमच्या स्वारगेटचं वारगेट झालंय."

वायर बदलली. डाग नवे दिले.
तपकीर गल्लीत गुगळ्यांकडे नेला.
त्यांनी खोलला, फुंकला, मीटर लावला, पैसे घेतले नाहीत:
"ठणठणीत आहे. समोरच्याचा सेट बघायला सांगा."
कोपरगावला विचारलं, बार्शीला विचारलं.
नेहमीसारखाच, म्हणाले. फाइव्ह नाइन.

परतताना बसमध्ये, माइक मांडीवर पिशवीत,
कंडक्टर ओरडला, स्वारगेट!
त्याचा ‘स’ मला लख्ख ऐकू आला
आणि पोटात खड्डा पडला.

कान वरच्या मजल्यापासून रिकामा होत येतो.
आधी रातकिडे जातात.
मग स, श, च.
आणि जवारी
ती तर तिथेच राहते, अगदी गच्चीला लागून.

दुसऱ्या दिवशी डी-एकशेचार पुसला, जोडला.
अकरा वर्षं बिनकामाचा,
तरी मिठाला जागलेला.
स्वारगेट, म्हणालो. सारसबाग. शनिपार.

"वा! बिननावाचा दुरुस्त झाला म्हणायचा.
गुगळ्यांना माझा सलाम सांगा. ओव्हर."

मी बटण दाबून बसलो.
एसएसबीवर गप्प माणसाचं काहीच पोचत नाही,
कितीही वेळ दाबून धरा.
शेवटी म्हणालो, सांगतो.

थोडा खरखराट. मग तो:
"जवारी आता धाकटा मौला काढतो, मास्तर.
मी भोपळे बघतो.
भोपळा ठोकला की बोटांनाच कळतं."

पर्वतीच्या वरच्या पायऱ्यांवर ऊन आलं होतं.
खाली मिक्सर सुरू झाला.
शिवाजीनगर, मी म्हणालो. ते राहिलं होतं.
पोचलं, तो म्हणाला.