रिकामी झाल्यावर परत

वडील घरी येऊन सांगायचे,
आज माहुलला दोन वाघिणी रुळावरून उतरल्या.
मी पाच वर्षांची. उठून खिडकीची कडी लावायचे.

मग एका रविवारी त्यांनी वाघिणी दाखवल्या.
ही उघड्या पाठीची, कोळशाची. भिजली तरी हिचं काही जात नाही.
ही पोटाखालून दार उघडणारी.
वीजघरापाशी उभी राहते, फुस्स करून हवा सुटते
आणि सगळा भार खाली. फावडं नको, बाया नकोत.
पाट्या घेऊन चढणाऱ्या त्या बाया मग कुठं गेल्या,
ते त्यांनी सांगितलं नाही.
ही बंद, खताची. आत शिरलं की डोळे झोंबतात.
ही मधोमध खोलगट, हिच्यावर ट्रान्सफॉर्मर येतो,
वर्षा-दोन वर्षांतून एखादा,
तेव्हा बाजूनं माणूस कंदील घेऊन चालतो
आणि गाडीनं त्याच्या पुढं जायचं नसतं.
आणि या गोल, तेलाच्या.
यांच्याजवळ विडी नाही, वहाणेला नाल नाही.

गोल वाघिणीच्या पोटावर पांढऱ्या रंगात:
रिकामी झाल्यावर परत.
म्हणजे काय?
म्हणजे हिला दुसरं काही भरता येत नाही.
भुसावळपल्याड भरलेली जाते, तिथनं मोकळी येते.
अर्धं आयुष्य मोकळीच धावते.
येताना कांदे भरले तर?
ते इतके हसले की पॉइंट्समननं वळून पाहिलं.

फक्त एका मे महिन्यात हुकूम आला,
बावीस टाक्या धुवा, पाणी जाणार आहे.
वाफ सोडली, सोडा घातला, पुन्हा वाफ.
इस्माईल मुकादम कमरेला दोर बांधून आत उतरला.
आत तो शीळ घालायचा. शीळ ऐकू येते, म्हणजे जिवंत आहे.
तिसऱ्या धुण्यानंतर साहेबांनी पेला नाकाशी नेला,
आणि तिथंच थांबले.
वडलांनी तो हातातून घेतला, प्यायले,
तोंड वाकडं केलं नाही. चालेल, म्हणाले.
रात्री मोरीत दोनदा ओकले.
आणि पहाटे, पाळी नसताना,
सायकल काढून गेले, चौथ्यांदा धुवायला लावलं.

त्यांतल्या एकीचा नंबर
आमच्या दाराच्या चौकटीवर खडूनं होता.
रंग दिला तेव्हाही आईनं तेवढी जागा सोडली.

आता हातोडी माझ्याकडं आहे.
चाकाला टोला. खणकन् वाजलं की पुढं.
बद्द वाजलं की खडूची फुली.
नवी पोरं म्हणतात, मॅडम, यंत्र आलंय की.
आलंय. कान अजून पगारावर आहेत.

आज सातच्या गाडीत एकतिसावी.
शेवटचे आकडे चार, एक, सात.
रंग तीनदा बदललेला, अक्षरं तीच.
टोला मारला. खणकन्.
मग उगाच तिच्या पोटावर थाप दिली.
आत बराच वेळ घुमत राहिलं.
भरायला अजून दीड तास होता.