बोरगाव पाटी

माझ्या नावातच ब दोनदा येतो.
बब्रुवान.
नीट म्हटलं तरी लोकांना वाटतं, अडखळला.
हजेरीला सगळा वर्ग कान टवकारायचा
आणि मी 'हजर'च्या ह वर फुंकत बसायचो,
ओल्या फाट्यांची चूल फुंकावी तसा.

इलाज झाले.
वेखंड उगाळून झालं, जिभेखाली गारगोटी झाली,
मावशीनं मागून येऊन पाठीत धपाटा घातला,
भ्यालं की सुटतंय म्हणली.
भ्यालो.
सुटलं नाही.

बाप आडतीवर. सौदा निघाला की
तुरीच्या ढिगाशेजारी उभा राहून एका दमात
भाव, नाव, पोत्यांचा आकडा.
घरी माझं वाक्यही तोच पुरं करायचा,
पडलेलं लेकरू उचलावं तसं, मायेनं,
आणि भलत्याच जागी नेऊन ठेवायचा.
मला सांगायचं असायचं, पाय दुखतोय.
प वर थांबलो की तो आत हाळी द्यायचा,
'पाणी आणा गं त्याला.'
लई पाणी प्यालोय मी.

एसटीत 'बोरगाव पाटी' निघायचं नाही तोंडातून.
'औसा' निघायचं. औ ला दार नसतं, नुसता उंबरा.
म्हणून औशाचं तिकीट काढायचो
आणि चार किलोमीटर माघारी चालत यायचो.
चालताना मात्र बोलायचो.
त्या रस्त्यावरच्या बाभळींना
माझं सगळं ठाऊक आहे, सलग.

लातुरात गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांतल्या एकावर
तराजू दुरुस्तीचं दुकान. त्याच्या वर खोली.
रविवारी तिथं शकीलाबाजी यायची, उदगीरची नर्स,
मन्मथ यायचा, कंडक्टर,
थांब्याचं नाव न घेता नुसतीच घंटी मारणारा,
आणि एक पोरगा, ज्याचं नाव आम्हाला
तिसऱ्या रविवारी कळलं.
औषध कुणाकडंच नव्हतं. नियम एक होता:
कुणी कुणाचा शब्द उचलायचा नाही.
खाली दुकानदार वजनं तपासायचा
आणि वर आम्ही थांबायचो,
काटा थिरावेपर्यंत.

भिंतीवरचं घड्याळ कुणीतरी काढून ठेवलेलं.
खिळा तेवढा होता.
त्या खिळ्याकडं बघत मी माझं नाव सांगितलं,
दोन्ही ब सकट.

एका रात्री शकीलाबाजीनं फोन
चिवड्याच्या डब्याला टेकवून उभा केला.
पडद्यावर चौकोन चौकोन माणसं.
एका म्हाताऱ्याच्या खिडकीत बर्फ,
केनियाचा एक मास्तर, मागं कोंबडं आरवतंय,
पेरूतली एक बाई, हात पिठानं भरलेले.
तिची भाषा मला कुठली यायला?
पण बोलता बोलता तिचे डोळे मिटले,
हनुवटी डावीकडं ओढली गेली,
आणि मला कळलं ती आत्ता नेमकी कुठं आहे.
मी राहतो तिथं.
त्या जागेला पाटी नाही, तिथं गाडी थांबत नाही.
मला वाटायचं, तिथं उतरणारा मी एकटाच.

मी नियम आडतीच्या पट्टीमागं लिहून बापाला दिला.
त्यानं वाचला, घडी घालून खिशात ठेवला.
काही बोलला नाही.

परवा एसटीत म्हणालो, ब.
मागची बाई म्हणाली, बाभळगाव? बोरी?
मी मान हलवली, नाही. थांबा.
कंडक्टरनं पंच कडकड वाजवला, कुणी च्च केलं,
आणि शब्द आला, वाकडातिकडा, घामेजलेला,
पण माझ्या गावाचा.

पाटीवर उतरलो तर बाप समोर, चहाच्या टपरीवर.
'कामून रे, आज लवकर?'
मी बोलायला तोंड उघडलं आणि प वर अडकलो.
त्याच्या गालात शब्द तयार होता,
मला दिसला, सुपारीएवढा.
त्यानं तो तसाच धरून ठेवला.
दोन ट्रक गेले. एक फटफटी गेली.
'पाणी,' मी म्हणालो.

या खेपेला त्याचा शब्द बरोबर होता.
तरी तो थांबला.