माझ्या नावाचं क्रियापद

पहिल्या संध्याकाळी हात पुढे करून म्हणालो, मी केदार.
एउतिमिया हसली, होत्या तेवढ्या दातांनी,
आणि कुंपणापलीकडच्या फेर्मिनला ओरडून सांगितलं,
ऐकलंस का, पवनचक्क्या दुरुस्त करायला आलाय ना तो पोरगा,
त्याचं नाव म्हणे 'राहणं'!

रात्री शब्दकोश उघडला. दीड पान भरून मी.
घरच्यांनी ठेवलं होतं ते बर्फातल्या देवावरून;
थामोराच्या ह्या उजाड टोकाला ते पावाच्या टोपलीत निघालं.
केदा पान? पाव उरलाय का?
उरला होता. कालचा, अर्धा.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा कोट माझ्या अंगावर चढवून
तिने बाह्या ओढल्या, चार पावलं मागे जाऊन बघितलं.
ते केदा ग्रांदे. ढगळ होतोय तुला.
म्हणजे कपडा होतो, तोही मीच.
आमच्याकडे तो अंगावर बसतो, त्यांच्याकडे राहतो,
उभा कुठेच नाही.

दवाखाना? केदा लेखोस. लांब पडतो.
आणि पाचला केदामोस, पाचला भेटू,
चर्चच्या त्या भिंतीशी, जिथून ऊन सगळ्यात शेवटी हलतं.
गावात माणसं किती, विचारलं,
तर फेर्मिनने बोटं वर केली: केदामोस नुएवे.
मी म्हटलं, नऊला कशाला, पाचला ठरलंय ना?
तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली.
आम्ही नऊ उरलो, असं म्हणत होता तो.

फेब्रुवारीत तो खोकला ऐकू येईनासा झाला.
त्या आठवड्यात कुणी आकडा बोललं नाही.

अबुंदिओचं काय झालं, मी कधी विचारलं नव्हतं.
बटाटे सोलता सोलता तीच म्हणाली,
ह्याच खुर्चीत. सूप मागितलं, आणि से केदोऽ.
राहिला.
मे केदो, मी राहते. से केदोऽ, तो राहिला, म्हणजे गेला.
जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा, एवढाच फरक.
त्या रात्री वहीत लिहिलं:
बाई सगळ्यांना पुरून उरली.
लिहिलं, आणि त्या वाक्याकडे बघत बसलो.
इतकी वर्षं बोलत होतो ते, सहज,
मातीचा वास कधी आला नव्हता त्याला.

आणखी एक. पुस्तकात चूक मानतात, ह्या भागात सर्रास म्हणतात:
केदे ला यावे, किल्ली घरीच राहिली, नव्हे, मी ठेवून आले.
मागे राहतं त्याला आणि मागे ठेवून जातो त्याला
एकच शब्द पुरतो इथे.

एप्रिलात शेवटचं पातं फिरायला लागलं.
बसपाशी तिने विचारलं, एन के केदामोस?
मग काय ठरलं आपलं?
सगळे पुरुष, दोन्ही वचनं पाठ होती मला.
भविष्यकाळ तेवढा कच्चा.
कोट काढून देऊ लागलो तर तिने बटण लावलं वरचं.

काचेपलीकडे ती काहीतरी म्हणत होती,
स्वतःची बाही ओढून ओढून दाखवत.
ते केदा ग्रांदे, बहुतेक.
कोटाबद्दल असावं.