मेल्याचं काम

खाडगाव रोडच्या मागं आमचा भाईगिरीचा पिक्चर:
बंदूक म्हणजे फवारणी पंपाची नळी,
रक्त म्हणजे गुलाबाचं सरबत,
मुंग्यांसहित.

डॉन मुजीब. गॉगल बहिणीचा.
“ये गल्ली मेरी है!”
वरून त्याची अम्मी,
“तेरी है तो नाली कौन निकालता रे?”
तो डायलॉग तसाच ठेवला.

तिसऱ्या मर्डरला नळ आला,
नवव्या दिवशी.
मेलेले तिघं उठून घागरी घेऊन पळाले.
कॅमेरा चालूच.

मंडळाच्या पडद्यावर लोक हसून लोळले.
खरा भाई, बब्रुवान, शेवटच्या खुर्चीत
गप.
आमची फाटली.

खुर्च्या उचलताना जवळ आला,
“पुढच्या पार्टात घ्या की मला.
मेल्याचं काम द्या.
लई दिस झाले, डोळा लागंना.”