रकाने

भूगोलाची जुनी वही उलटी धरली,
मागल्या पानापासून रेघा मारल्या:
फेकले. पडले. रिबाउंड. पास. हातचे गेले.
पाच रकाने पुरेत, म्हटलं, पहिल्या सामन्याला.

दापोलीच्या मुली उंच.
आमचं हर्णैचं कोर्ट उतरतं, बंदराकडे;
चेंडू सुटला की थेट सुकत्या जाळ्यांत.
मी ओरडत राहिलो, लिहायचं विसरलो.
दुसऱ्या क्वार्टरची सात मिनिटं
अजून कोरी आहेत.

हाफटाइमला बाकावरच्या निलोफर मुकादमनं
वही ओढून घेतली.
ही रोज संध्याकाळी लिलावात आईच्या टोपल्या लिहिते,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
डोळे मासळीवर, हात कागदावर.
"सर, नासलेलं पण लिहायचं,
नाहीतर हिशेब लागत नाही."

चोवीस–एकतीस. हरलो.
मृण्मयी चोगले काय खेळली, सगळे म्हणाले,
एकटीचे अकरा गुण!
रात्री वही उघडली.
अकरा गुणांना एकोणीस फेकी,
त्याही कोरी मिनिटं सोडून.
आणि सुगंधा पावसे, गुण शून्य,
जिला मी पुढच्या सामन्याला बसवणार होतो,
तिच्या रिबाउंडच्या घरात
रेघांची जुडी, जुडीला लागून जुडी,
हातचे गेले: काही नाही.

नाव खोडायला उघडलेलं पेन
तसंच वाळत राहिलं.

मग दिसला समासातला,
मी न आखलेला सहावा रकाना,
निलोफरच्या बारीक अक्षरात:
सर ओरडले.
पाच जुड्या, वर तीन.