चघळ

कडबा शेकडा तीन हजार सांगितला विट्याच्या बाजारात,
तोही भिजलेला, बुडाशी काळपट.
मी पेंढी हुंगून परत ठेवली.
विकणारा हसला, वैनी, हुंगायचं काम गाईचं.
म्हणलं, गाईच्या कनवटीला पैसं असतं
तर तिलाच धाडली असती.

तीन गाई, एक कालवड,
आणि म्हातारा खिलार, ज्याला विकायचं नाव निघालं
की घरात त्या रात्री भाकरी उरते.
मार्गशीर्षापासून होळीपर्यंत ही पाच तोंडं.
प्राजूच्या वहीत पुढून रसायनशास्त्र,
मागून माझी सरकी पेंड, भुसा, खडेमीठ.
पानं संपत आली. कुठंतरी मध्ये गाठ पडणार आमची.

टेंभूचं पाणी आलं तसा आमच्या माळालाही ऊस फुटला,
आणि उसामागं टोळी. ओढ्याच्या अंगाला पाली.
त्यातली चंद्रकला डोक्यावर वाढ्याची मोळी घेऊन येते
दिवस मावळता.
मोळीला तीस रुपये मागते, मी वीस म्हणते,
मग दोघी गप्प उभ्या राहतो, जनावरं बघत.
चौथ्या दिवशी म्हणाली, पैसं ऱ्हाऊ दे,
पोराला पावशेर दूध घाल.
वहीत हा व्यवहार कुठल्या रकान्यात मांडायचा
अजून कळलं नाही.

नुसतं वाढं घालू नका, डॉक्टर सांगून गेले,
हाडातला चुना ओढून नेतं.
म्हणून माठात कळीचा चुना विरघळवते,
रात्रभर निवळू देते,
आणि सकाळी वरचं पाणी शिंपडते कुट्टीवर,
नव्या घराला शिंपडावं तसं.
आणखी म्हणाले, गारठ्यात निम्मा चारा अंग तापवण्यात जातो.
मग मी पोत्यांच्या झुली शिवल्या.
कवडीच्या पाठीवर 'साखर, पन्नास किलो' असं आलंय,
ती तसं समजूनच चालते.

हे त्रिचूरला. गलाईच्या दुकानात.
सोनारांच्या पेढ्यांतला केर विकत घेतात,
झाडलोट, पायपुसणी, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ,
जाळतात, धुतात, आम्लात उकळतात,
तळाला कधी हरभऱ्याएवढं निघतं,
कधी मुगाएवढं,
कधी नुसताच खोकला.

मी सकाळी गव्हाणीतनं चघळ काढते,
गाईंनी तोंड लावून टाकलेली बुडखं,
लाळेनं ओली, थंडगार.
पूर्वी उकिरड्यावर जायची.
आता माती झाडून वाळवते, परत यंत्रात घालते,
गुळाचं पाणी मारते, चिमूट मीठ.
पहिल्या दिवशी शेवंतीनं मान फिरवली.
माझ्याकडं असं बघितलं,
जसं सासूबाई बघायच्या शिळ्या आमटीला दिलेल्या फोडणीकडं.
तिसऱ्या दिवशी खाल्लं.

पेंड अर्ध्या किलोनं उतरवली.
डेअरीवर काटा लागेस्तोवर मी श्वास धरला होता.
फॅट तीन-नऊ. कालचीच.
पोरगं पावती फाडून देताना म्हणालं, काकी, थंडी वाजतीया का?
हात कापतोय.

रात्री फोन आला.
चाळीस हजाराला केर घेतलाय, बघू काय निघतंय.
तिकडं काय?
म्हणलं, इकडंबी चाळणंच चाललंय.
ते हसले. मग बराच वेळ
दोन्हीकडून कोणीच बोललं नाही,
आणि गोठ्यातनं आवाज येत राहिला,
खरखरीत जिभेचा, दगडी गव्हाणीच्या तळावर,
कितीतरी वेळ,
खाणं संपलं होतं तरी.